इनॉकचा माउथपीस

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. क्लेम हेग माझा सख्खा मामा. त्यानंच मला हे सांगितलं. आणि घडलं ते रात्री नाही, भर दुपारी, हजारो माणसांसमोर.

१९३६ साल. यॉर्कशरमधलं आमचं खाणीचं गाव.

गावच्या बँडमध्ये पहिला कॉर्नेट, म्हणजे छोटी पितळी तुतारी, इनॉक थॅकरेचा. काय वाजवायचा! त्याचा वरचा सूर लागला की दिवसभर कोळसा फोडून आलेले रांगडे गडी डोळे पुसायचे. क्लेम शेजारच्या खुर्चीत बसून ऐकायचा. त्या सुरावर त्याचा जीव होता. आणि त्याच सुरावर तो जळायचाही.

एका संध्याकाळी दारूच्या गुत्त्यामागे क्लेमनं इनॉकला गाठलं. खाली पाडलं. नाल ठोकलेल्या बुटानं त्याचं तोंड फोडलं.

ओठ चिरला. पुढचे चार दात घशात गेले.

मारणाऱ्याचं नाव इनॉकनं कुणालाच सांगितलं नाही. पण त्या ओठांनी पुन्हा कॉर्नेट वाजणार नव्हता. महिन्याभरात त्यानं खाणीजवळच्या तळ्यात जीव दिला.

कॉर्नेट बँडच्या मालकीचा असतो, माणूस गेला की पुढच्याकडे जातो. तोंडाला लावायचा माउथपीस मात्र ज्याचा त्याचा. इनॉकची बायको इडिथ कॉर्नेटची पेटी घेऊन क्लेमकडे आली.

"त्याचा माउथपीस त्याच्या मुठीत देऊन पुरलाय," ती म्हणाली. "तू तुझा लाव, क्लेम."

बँडच्या स्पर्धेच्या दिवशी क्लेमनं मंचावर पेटी उघडली…

कॉर्नेटला माउथपीस लावलेला होता.

चांदीवर तोच जुना ओरखडा. इनॉकचा.

आणि तो ओला होता…

"बघतोस काय असा? पेटीत सासू निघाली की काय?" शेजारचा सिरिल हसला.

"अडकलाय रे हा! निघतच नाहीये!"

"मग वाजव तसाच! बँडमास्तरांनी काठी उचलली!"

परीक्षक नेहमीसारखे मैदानात, चारी बाजूंनी कापड लावलेल्या खोक्यात बसलेले. कोण वाजवतंय ते त्यांना दिसू नये म्हणून.

क्लेमनं फुंकलं.

असा सूर त्याच्या हातून जन्मात निघाला नव्हता. मैदान चिडीचूप झालं. क्षणभर त्याला आनंदानं भरून आलं. मग त्यानं श्वास घ्यायला फुंकणं थांबवलं…

सूर थांबला नाही.

बोटं आपोआप पडत होती. त्यानं कॉर्नेट मागे ओढला. तो ओठ सोडेना. उलट आत घुसायला लागला…

कट्.

एक दात. मग दुसरा. क्लेम किंचाळला, पण बाहेर सूरच आला. थुंकी काढायच्या भोकातून रक्त बुटांवर ठिबकत होतं. सिरिलला वाटलं, गडी जीव ओतून वाजवतोय.

शेवटचा सूर संपला आणि क्लेम कोसळला. टाळ्या थांबेनात. परीक्षक डोळे पुसत बाहेर आले.

"इनॉकला बोलवा! त्याचा सूर मी झोपेतही ओळखीन. पण असं त्यानं कधीच वाजवलं नव्हतं. कुठाय तो?"

इनॉक गेल्याची त्यांना बातमीच नव्हती.

इडिथ पुढे आली. क्लेमचा ओठ तिनं पाहिला. तीच चीर. तेच चार दात पडलेले.

"म्हणजे… तू होतास?"

क्लेमनं होकारार्थी मान हलवली.

कॉर्नेट तिथेच पडला होता. माउथपीस कुठेच नव्हता.

आता पहिल्या खुर्चीत मी बसतो. माझा कॉर्नेट नवा, माउथपीसही माझाच. तरी ओठाला लावण्याआधी दर वेळी त्यावरून बोट फिरवतो…

कोरडा आहे ना, ते बघायला.