धरणाखालचा उबारा

पौषात पाण्यात उतरायचं म्हणजे आधी अंगाचा बंदोबस्त करावा लागतो. निवृत्ती आणि कडूबा या भावांच्या घरात ही विद्या बापापासून चालत आलेली. पिंपळगाव राजापासून नांदुऱ्यापर्यंत कुणाच्या विहिरीत बादली पडो, मोट पडो, नाहीतर देव न करो माणूस पडो, निरोप यांनाच यायचा. धाकटा कडूबा बुडी मारायचा, थोरला निवृत्ती काठावर दोर धरायचा.

उतरण्याआधी निवृत्ती भावाच्या अंगात जवसाचं तेल जिरवी, लसूण-ओवा जाळून कढवलेलं. वर लोकरीची घट्ट बंडी, मनगटाशी आणि कमरेला चिंध्यांनी करकचून बांधलेली. बंडीत शिरलेलं पाणी तिथंच कोंडून राहिलं तर अंगाच्या उबेनं कोमट होतं. ये-जा करू लागलं की हाडं गोठवतं. वर आल्यावर लगेच विस्तवाशी जायचं नाही. अंग टिपायचं, कोरडं नेसायचं, डोकं गुंडाळायचं, सुंठ-गुळाचा काढा घोटघोट प्यायचा. आणि बापानं निवृत्तीला एक गोष्ट बजावून ठेवली होती. पोरगं कुडकुडतंय तोवर भिऊ नको. कुडकुडणं थांबलं आणि ते 'आता बरं वाटते' म्हणालं, की विचार न करता ओढून काढ.

नवं राज्य होऊन फार वर्षं लोटली नव्हती. नाल्यावर धरण झालं आणि त्यांचं धामणखेड पाण्याखाली गेलं. गाव वरच्या माळावर येऊन बसलं. विठ्ठलाची मूर्ती वाजतगाजत आली, पण पाणी अंदाजापेक्षा लवकर चढलं आणि कीर्तनाचा दगड सभामंडपातच राहिला. हातभर रुंद काळा दगड. त्यावर उभं राहून किती बुवांनी गाऊन-गाऊन गावाला रडवलं होतं, हसवलं होतं, देवाच्या पायाशी नेऊन बसवलं होतं! पायांनी घासून त्याला आरशासारखी लकाकी आलेली.

माघात नव्या देवळाचा पहिला सप्ताह होता. देवळाचा कारभार पाहणारे महादेवराव स्वतः घरी आले.

"कडूबा, दगड पाह्यजे लेका. बुवा काय खाटेवर उभे राहून कीर्तन करतीन?"

"आणतो ना, काका. पण मंग पहिल्या दिवशी पुरणाची पोळी माही."

"दोन घे बे! दगड तं आण."

कामाच्या पहिल्या दिवशी दोघं डोंग्यातून पाण्याच्या मध्यावर गेले. ऊन होतं, पण वारा सुरीसारखा. कडूबा पहार घेऊन खाली जाई, दगडाभोवतीचा चुना फोडी, दम संपला की वर येई. त्याचे दात वाजत होते, ओठ निळे पडले होते. निवृत्ती निर्धास्त होता.

दुसऱ्या दिवशी एक बुडी फार लांबली. निवृत्तीनं दोर ओढायला घेतला, तोच कडूबा आपणहून वर आला आणि डोंग्याच्या काठाला हात टेकून हसला. अंगावर काटा नव्हता. दात वाजत नव्हते.

"वर चढ," निवृत्ती म्हणाला.

"काऊन? मले बरं वाटते."

निवृत्तीनं बखोट धरून भावाला आत ओढलं आणि हातात हात घेतला. गोठलेल्या माणसाचा हात लाकडासारखा लागतो, हे त्याला ठाऊक होतं. हा हात ऊन होता. भाकरी थापून उठलेल्या बाईचा असावा तसा.

"भाऊ, खाली उबारा हाय," कडूबा हळूच म्हणाला. "देवळापाशी नाही. आपल्या घरापाशी."

"तू घराकडं कायले गेलता?"

कडूबानं हात सोडवून घेतला. त्याच्या नखांत राख होती. पाण्यातून आलेल्या माणसाच्या नखांत कोरडी, पांढरी राख.

घरी जेवताना निवृत्तीनं आईला सहज विचारावं तसं विचारलं, "माय, गाव सोडताना तू चूल थंडी केली होती ना?"

घर कायमचं सोडताना घरच्या बाईनं आपल्या हातानं चुलीत पाणी ओतायचं, कुंकू वाहायचं, मगच उंबरा ओलांडायचा, अशी त्यांच्याकडची रीत. आईनं, रुक्मिणीबाईंनी, ताटात कोरड्यास वाढलं.

"घाई झाली रे बापा. गाडी दारात उभी. रोजच्यासारखे निखारे राखेत झाकले आन् निघाली. म्हटलं, पाणी येईन तं इझवीनच की." त्यांनी वर पाहिलं. "काऊन?"

"काही नाही."

तिसऱ्या दिवशी कडूबानं दगडाला दोर बांधला. काठावरच्या बैलजोड्यांनी ओढला. दगड पाण्याबाहेर आला तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी चिखलातच लोटांगण घातलं, टाळ वाजले, विठ्ठलनामाचा गजर झाला. निवृत्तीचेही डोळे भरले. काम झालं होतं. भाऊ डोंग्यात होता, धड होता. त्यानं भावाच्या कमरेचा दोर सोडायला हात पुढं केला.

"भाऊ, एक डाव जाऊन येतो."

"आता कायले?"

"एकच डाव."

"कडूबा, माही आन हाय तुले..."

पाणी हललं. गजर चालूच होता.

दोर सरसर गेला आणि थांबला. निवृत्ती वाट पाहत राहिला. एका दमात माणूस राहतो त्याहून कितीतरी अधिक वेळ गेला.

त्यानं ओढलं. दोर हलेना.

जड नव्हता. कुणीतरी पलीकडून धरलेला होता.

"विठ्ठला, पांडुरंगा," म्हणत त्यानं पाय रोवले आणि सगळं अंग मागं टाकलं.

मग दोर एकदम सैल झाला. सोडून दिल्यासारखा.

कडूबा वर आला. श्वास चालू होता. केसांना धुराचा वास होता.

काठावर आणल्यावर त्याला हुडहुडी भरली. निवृत्ती आनंदानं रडलाच. भाऊ कुडकुडतोय, म्हणजे भाऊ आपला! त्यानं अंग टिपलं, कोरडं नेसवलं, घोंगडीत गुंडाळलं, काढा पाजला. हुडहुडी उतरली नाही. रात्रीही नाही. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी हिवताप नाही म्हणून सांगितलं. सप्ताहात कडूबा दोन घोंगड्या पांघरून कीर्तनाला बसला. बुवा रंगात आले, अख्खा मंडप डोलू लागला, आणि याचे दात टाळांच्या ठेक्याबाहेर वाजत राहिले.

फाल्गुन गेला. वैशाखात जमीन भाजू लागली, तरी तो उन्हात बसून थरथरत असे. निवृत्तीनं त्याला धरणाकडं फिरकू दिलं नाही. दोर जाळून टाकला. दिवसभर त्याच्यावर डोळा ठेवला.

एका दुपारी वळचणीखालची घोंगडी रिकामी दिसली. निवृत्ती धावत परसात गेला.

रांजणाला छाती टेकून कडूबा उकिडवा बसला होता. दोन्ही हात खांद्यापर्यंत पाण्यात. डोळे मिटलेले. अंग अगदी शांत, कितीतरी दिवसांनी. तो शेकत बसला होता.

"कडूबा! हात काढ बाहेर!"

कडूबानं डोळे उघडले नाहीत. फक्त थोडा सरकला, दुसऱ्या माणसाला जागा करून द्यावी तसा.

निवृत्तीनं त्याला ओढून काढायला रांजणात हात घातला. आणि लगेच बाहेर काढला नाही.