अर्धी गोळी

"ताई, माझं जरा अडखळतंच. दमलेली बाई जिना चढते ना, तसं."

आठ वर्षांपूर्वी याच टेबलावर पडून एक तरुण आई हसत म्हणाली होती. खरंच तसं होतं. दोन पावलं, थांबा. दोन पावलं, थांबा. हृदयाच्या सोनोग्राफीत हजारो ठोके ऐकले मी. लक्षात राहिली ती ही चाल. महिन्याभरात ती गेली.

आता तिची नऊ वर्षांची मुलगी माझ्याकडे येते. आईकडून आलेला एचआयव्ही हृदयात उतरलाय. दर खेपेला ते इवलंसं हृदय थोडं अधिक फुगलेलं, थोडं अधिक थकलेलं. डॉक्टर म्हणतात, गोळ्या चुकतायत. अशाच चुकल्या तर पोर वर्ष काढणार नाही. तिला सांभाळणारी सख्खी मावशी म्हणते, रोज सकाळी आठला स्वतःच्या हाताने भरवते. पोरीला सांगितलंय, उंचीच्या गोळ्या आहेत.

"इतक्या खाल्ल्या, तरी मी बुटकीच," मुलगी आडवी होत म्हणाली.

मी गार जेली लावली, आवाज सुरू केला. पडद्यावरची रेघ एकसारखी धावत होती. स्पीकरमधून मात्र येत होतं: दोन पावलं, थांबा.

वायर हलवून पाहिली. मशीन बंद करून पुन्हा लावलं.

दोन पावलं, थांबा. आता जास्त जवळून.

"आली," मुलगी सहज म्हणाली.

"कोण गं, बुटके?" मावशीने विचारलं.

"आई. तिलापण गोळी हवी असते. मी अर्धीच गिळते. उरलेली तिच्या शालीखाली ठेवते. दुपारी नसते."

"उंदीर नेत असेल."

"उंदीर नावाने हाक मारतो का?"

खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. मावशीने तिचा हात घट्ट धरला.

"ऐक, बाळा. त्या उंचीच्या नाहीत. तुझ्या आईला एचआयव्ही होता. तुलाही आहे. पूर्ण गोळी घेतलीस तरच जगशील. ती तुझी आहे."

"मग आईची कुठेय?"

पावलं थांबली.

पडद्यावर हृदय हलत होतं. स्पीकर गप्प. दाराशी येऊन कुणी कान द्यावा, तसा.

मावशी त्या स्पीकरकडेच बघत बोलली.

"तिला चालवत नव्हतं. गोळ्या मीच आणायच्या. दवाखान्यात औषधाच्या खिडकीशी कुणी ओळखीचं दिसलं, की तशीच माघारी फिरायचे. घरी येऊन तिला सांगायचे, आजही संपल्यात."