दोरीचं पलीकडचं टोक

बस खाली. कव्हर फडफडतंय ते मलाही ऐकू येतंय, कान शाबूत आहेत अजून माझे. उडालं तर उडू दे. जायचंच असेल तर दोघं जा. गाडीचं कव्हर बांधायला रात्री एकट्याने जायचं नाही. का ते ऐकायचंय? मग ऐक. आणि तू गं, तो मोबाईल पालथा ठेव आधी.

ज्याची गोष्ट सांगतोय तो माणूस अजून हयात आहे, म्हणून नाव घेत नाही. धाकटा म्हणू. फ्रिज दुरुस्त करायचा. माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर थोरला भाऊ आणि वहिनी यांच्याबरोबर राहायचा. थोरला लोकांना मोटार चालवायला शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. शिकणाऱ्यांवर असा खेकसायचा की माणसं ब्रेकऐवजी देवाचं नाव घ्यायची. पण स्वतःची गाडी तळहातावरच्या फोडासारखी जपायचा.

गाडी असायची मागच्या उघड्या अंगणात. तिथे वारा मोकाट. रोज रात्री दोघं भाऊ खाली उतरून कव्हर घालायचे. कव्हरच्या दोन्ही कडांना एकेक कडी होती. मास्तर दोरी गाडीखालून सरकवायचा, धाकटा पलीकडे उकिडवा बसून टोक पकडायचा. "आली?" "आली." की दोघांनी आपापल्या कडीला बांधायचं. मला खिडकीतून रोज ऐकू यायचं.

मास्तरचे नियम ठरलेले. वारा कव्हरच्या पोटात शिरू द्यायचा नाही. दोरी मनगटाला गुंडाळायची नाही. आणि गाठ मारायची ती सुरगाठ, बुटाच्या नाडीसारखी, शेपूट ओढलं की सुटणारी. निरगाठ मारलेली त्याला खपायची नाही. "नखं तुटतात, पण ती सुटत नाही," म्हणायचा.

एका संध्याकाळी दोघांचं कशावरून तरी वाजलं. त्या रात्री मास्तर एकटाच खाली गेला. वारा सुटला होता. त्याने खालून तीनदा हाक मारली, "ये रे, दोरी धर." धाकटा गेला नाही. सकाळी मास्तर अर्धा गाडीखाली सापडला. छातीने दगा दिला होता. अंगावर कव्हर, मुठीत दोरी. धाकटा सगळ्यांना म्हणाला, "मला झोप लागली होती." वहिनी म्हणाली, "असू दे भावजी, तुम्हाला काय ठाऊक." ते वाक्य त्याला किती लागलं असेल, विचार करा.

वर्ष गेलं. गाडी विकायची नाही, असं वहिनीने सांगून टाकलं होतं. धाकट्याने ती अंगणाच्या भिंतीला अगदी खेटून लावली, म्हणजे त्या बाजूने वारा नको आणि पलीकडे माणूसही लागायला नको. भिंत आणि गाडी यांच्यात चार बोटं जागा. त्या बाजूची कड नुसती खोचायचा, अलीकडच्या कडेवर विटा ठेवायचा. निभत होतं.

मार्चची एकोणीस तारीख, मंगळवार. रात्री दोन वाजून दहा मिनिटं. वारा भिंतीवरून आत आला आणि खोचलेली कड सुटली. फाड फाड आवाज. गाडी हलवायची तर किल्ली वहिनीच्या खोलीत. तिला कशाला उठवायचं, म्हणून धाकटा दोरी, आकड्याची तार आणि झाडूचा दांडा घेऊन खाली गेला. दांड्याने टोक गाडीखालून ढकलायचं आणि भिंतीकडून तारेने वर ओढायचं, असा त्याचा बेत. अलीकडचं टोक वाऱ्याने उडायला लागलं, तेव्हा त्याने ते मनगटाला गुंडाळलं.

दोन वेढे.

तो पालथा पडला. दांडा आत घातला. दोरी मध्येच अडकली. त्याने दांडा मागे घेतला...

दोरी पुढे सरकली.

वीतभर. मग हातभर. दांडा तर त्याच्या हातात होता.

इतक्या वर्षांची सवय. तोंडातून निघून गेलं, "आली?"

वारा थांबला. कव्हर थांबलं. कुठेच काही नाही.

...

मग ओढ बसली.

साधी नाही. हात कोपरापर्यंत आत. मग खांदा. गाल फरशीला घासला. त्याला वेढे सोडवता येईनात. आतून थंड हवा येत होती. एकही शब्द नाही. फक्त ओढ.

"दादा, सोड."

ओढ.

"दादा... मी जागा होतो." रडत होता तो. "तिन्ही हाका ऐकल्या मी. मुद्दाम आलो नाही."

...

दोरी सैल पडली.

पहाटे साडेपाचला मी फिरायला निघालो, तर हा गाडीला टेकून बसलेला. मनगट काळंनिळं. मला बघून सगळं भडाभडा बोलला. कव्हर गाडीवर चोपून बसलं होतं, एक सुरकुती नाही. पलीकडे बघायची त्याची हिंमत नव्हती. मी बॉनेटवर ओणवा झालो आणि त्या चार बोटांच्या फटीत बॅटरी मारली. दोरी भिंतीकडच्या कडीला बांधलेली होती.

"बांधलीय?" त्याने विचारलं.

"बांधलीय."

"कुठली गाठ?"

त्याचा चेहरा मला बघवेना. मी म्हटलं, "सुरगाठ."

तो तिथेच ओक्साबोक्शी रडला. सुटलो म्हणाला. वर जाऊन वहिनीला सगळं खरं सांगितलं. ती त्याच्याशी महिनाभर बोलली नाही, पण पुढे बोलली. आज तो नीट झोपतो. म्हणून तुमच्यापैकी कुणी त्याच्याकडे जाऊन चोंबडेपणा करायचा नाही, सांगून ठेवतो.

तो वर गेल्यावर मी कव्हर माझ्या बाजूला ओढून काढलं. ती गाठ सोडवायला बसलो. दोन नखं तुटली. शेवटी चाकूने दोरी कापली, गाठ तेवढी ठेवली.

आणि एक... आजवर कुणाला बोललो नाही. त्या रात्रीच्या तिन्ही हाका मीही ऐकल्या होत्या. खिडकी उघडीच होती. मला वाटलं, भाऊ आहे ना, भाऊ जाईल.

तो टेबलाचा खण उघड. खाली, डावीकडचा. चष्म्याच्या डबीमागे बघ.

सुटते का तुला?