वजा न झालेला हात

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हा विषय मी आपणहून काढत नाही. आणि दिवा बारीक करायची गरज नाही, कारण ही रात्रीची गोष्टच नाही. भर सकाळी, सगळ्यांचा चहा झाल्यावर घडलेली आहे.

मी रक्तवाहिन्यांचे फोटो काढणाऱ्या मशीनवर काम करते. डॉक्टर मांडीतून बारीक नळी आत सरकवतात, हव्या त्या रोहिणीत फोटोत उठून दिसणारं औषध सोडतात आणि मी फोटो घेते. मशीन आधी औषधाशिवाय एक फोटो घेतं, मग औषधासकट, आणि दुसऱ्यातून पहिला वजा करतं. हाडं, टेबल, जे जे जागचं हललं नाही ते पुसलं जातं. उरतात फक्त रक्तवाहिन्या. मधल्या वेळात काही हललं, तर मात्र त्याचा डाग उमटतो. म्हणून पेशंटला भूल देतात, आणि प्रत्येक फोटोपुरता श्वाससुद्धा थांबवतात.

त्या दिवशीची पेशंट शिवणकाम करणारी बाई होती. वर्षभर तिचे पाय जड पडत होते. आधी कंबरेवर उपचार झाले, मग वजन कमी करून झालं, आणि सासूच्या मते ही सगळी कामं टाळायची नाटकं होती. शेवटी एमआरआयमध्ये मज्जारज्जूवर रक्तवाहिन्यांचा गुंता दिसला. जन्मापासून जोडणीच चुकलेली. रोहिणीतलं रक्त थेट नीलांमध्ये घुसत होतं आणि नीला फुगत चालल्या होत्या. फुटल्या तर पाय कायमचे गेले. उपाय म्हणजे नळीतून चिकट द्रव सोडून तो गुंता आतून बंद करायचा. पण शेजारूनच मज्जारज्जूला पोसणारी केसाएवढी रोहिणी जात होती. द्रव चुकून तिच्यात शिरला तरी पाय गेलेच.

"ताई, पाय राहतील ना?" टेबलावर चढताना तिनं विचारलं.

"सर या कामात मुरलेले आहेत," मी म्हटलं. हे मी सगळ्यांनाच सांगते, पण ते खरंही आहे.

भूल दिली. सर, भूल देणाऱ्या मॅडम आणि मी काचेमागे आलो. मॅडमनी बाईचा श्वास थांबवला, मी बटण दाबलं. पडद्यावर गुंता उमटला आणि त्याच्यावर एक मोठा डाग.

"हलली ती," सर वैतागले.

"हलेल कशी? सगळे स्नायू ढिले केलेत मी," मॅडम म्हणाल्या.

"मग माझीच नजर हलली म्हणायची. परत घ्या."

परत घेतला. चार बोटं आणि अंगठा, पेराच्या हाडांसकट. बरोबर गुंत्यावर टेकवलेला हात. मी काचेतून पाहिलं. बाईचे दोन्ही हात अंगाशी बांधलेले होते, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. आमच्या तिघांचे हातही मी बघून घेतले. मॉनिटरची टिकटिक तेवढी चालू होती, आणि कुठूनसा ओल्या कपड्याचा वास येत होता.

"वजा का होत नाहीये हे?" सर हळूच म्हणाले. "ती बारीक रोहिणी याच्याखालीच आहे. ती दिसल्याशिवाय मी द्रव सोडणार नाही."

"हात स्थिर असता तर झाला असता, सर... तो दाबतोय," मी म्हटलं.

मला भीती वाटली, ते काही लपवत नाही. पण समोर बाईचे पाय होते. शुद्धीतल्या पेशंटना रोज सूचना देते, त्याच सवयीनं मी माईक सुरू केला.

"हात काढा," मी म्हटलं. "प्लीज."

पुढचा फोटो काचेसारखा स्वच्छ आला. बारीक रोहिणी दिसली. आणि लागोपाठच्या फोटोंमध्ये तिच्या शेजारची नीला बघता बघता फुगली.

"अरे, ही आत्ता एवढी नव्हती!" सर आत धावलेच. पुढचा वेळ कसा गेला ते मला नीट आठवत नाही. द्रव नेमका जिथं जायला हवा तिथंच गेला. गुंता बंद झाला. आधीचे दोन फोटो सरांनी पुसायला सांगितले, मी पुसले.

शुद्धीवर आल्यावर बाईनं दोन्ही अंगठे हलवले. नवरा भिंतीला टेकून रडला. तेवढ्यात तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं.

"ताई, त्यांना हात काढायला का सांगितलंत?" घशातली नळी नुकतीच काढलेली, आवाज घोगरा.

"कुणाला?"

"त्यांनी दाबून धरलं होतं ना... इतकी वर्षं. म्हणून तर फुटलं नाही."

भुलीतून उठताना माणसं काहीही बरळतात. मी मान डोलावली.

"रागावल्या नाहीत त्या," ती म्हणाली. "बरं झालं म्हणाल्या... आता दुसरीला धरायला मोकळ्या झाल्या."

ती आता जिने चढून तपासणीला येते. छान आहे तिचं.

त्याच आठवड्यापासून माझ्या मानेवर, कवटी सुरू होते तिथं, काहीतरी ऊबदार टेकलेलं असतं. चार बोटं, अंगठा. मी चिडले, जड काही उचललं, की ते घट्ट होतं. मेंदूचा फोटो काढून घ्यायला हवा, हे मला कळतं. दुसऱ्या कुणाला मी चार शब्द सुनावून टेबलावर झोपवलं असतं. पण फोटोत तो हात आला, तर काचेमागचं कुणीतरी माईक सुरू करेल. त्यानंतर लगेच काय होतं, ते मी पाहिलंय.

म्हणून अजून गेले नाही. काल दुपारी मात्र, कपडे वाळत घालताना, जिचा हा हात आहे तिनं दुसराही लावला.