कमानीखालचा गवंडी

इटलीतल्या बोलोन्यात आल्यापासून मिल्दानं एक नेम धरला होता. दुपारी तीनला विद्यापीठातले तास संपले, की कानात इअरफोन घालायचे, काउनासला बाबांना फोन लावायचा आणि पाय नेतील तिकडे चालायचं. बाबा हिवाळ्यापासून अंथरुणाला खिळलेले. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, पण लिथुआनियाबाहेर कधी पाऊल टाकलं नाही. आणि लेक एका सत्रासाठी गेली ती नेमकी विटांच्या शहरात. मग काय विचारता.

"खांब कसला गं?"

"विटांचा. वरचा गिलावा थोडा उडालाय."

"उडू दे. आतली वीट सांग."

ती सांगायची. भाजलेल्या भोपळ्याचा रंग, बोटाच्या पेराएवढे सांधे, कमानीमागून कमान; फुटपाथांवर त्यांचंच छप्पर, त्यामुळे अख्खा महिना छत्री लागली नव्हती. "काय हात असतील एकेकाचे," बाबा म्हणायचे. डॉक्टरांनी उन्हाळ्याची खात्री दिली नव्हती, आणि मिल्दा परतणार होती जूनमध्ये. "जूनपर्यंत मी कुठे जात नाही," ते सांगायचे. "केवढं बघायचं राहिलंय." या एका वाक्याच्या आधारावर पोरगी तिथे राहिली होती.

मार्चमध्ये एकदा बाबाच आधी बोलले. "पुढच्या वळणावर लाकडी खांब आहेत, चांगले तीन माणसं उंच. मधल्याशी मांजर झोपलंय, जपून."

ती वळली. खांब होते. मधल्याशी पिवळं मांजर होतं. खांब एखाद्या पुस्तकात पाहिले असतील, पण मांजर?

"अंदाज गं," बाबा हसले.

मग फोनवर एक टकटक ऐकू यायला लागली. वीट भरीव आहे का हे गवंडी थापीच्या मुठीनं ठोकून बघतो, तसली. तिला वाटलं, पलंगाचा कठडा वाजवतायत. "भरीव आहे," ते समाधानानं म्हणायचे. "इतकी जुनी, तरी भरीव."

त्या रविवारी आईचा फोन आला. "यांच्या टाचांना फोड आलेत गं. माणूस पलंगावरून उतरला नाही, मग फोड कसले?"

"चादर घासत असेल," मिल्दा म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

घरमालकीण दिर्चेबाई ओट्यावर पास्त्याची पोळी लाटत होत्या; मिल्दानं त्यांना सगळं सांगितलं. "घरी आजारपण असलं की आम्ही सान लुकाच्या टेकडीवरच्या चर्चला पायी जातो, त्या माणसासाठी," त्या म्हणाल्या. "पण शेवटच्या कमानीपर्यंत हं. अर्ध्यातून फिरलीस तर न गेल्यासारखंच. आणि बस पकडलीस तर मला तोंड दाखवू नकोस."

सोमवारी तीनला बाबांना फोन लावून ती निघाली. वेशीपासून टेकडीच्या माथ्यापर्यंत सहाशेच्या वर कमानी, सगळ्या छपराखाली. आधी सपाट रस्ता, मग एक डौलदार वळण आणि तिथून चढ सुरू. ऊन कमानींतून आडवं येऊन फरशीवर पडत होतं. मिल्दा थक्क होऊन बघत होती. तिच्यापेक्षा बाबांचाच जीव सुखावला होता.

"अगं, चढाला कमान कशी झुकवलीय बघ. मला नसतं जमलं."

"बाबा, मी अजून तिथे पोचले नाही."

"ये ना मग. सावकाश ये."

टकटक. तिनं इअरफोन काढला.

टकटक चालूच होती. वर, पायऱ्यांच्या वळणापलीकडे.

ती धावली. वळणापलीकडे कुणी नव्हतं. टकटक आता आणखी वर होती.

तेव्हा तिला भीती वाटली. शेवटच्या कमानीनंतर पुढे काय? बघायचं काही उरलंच नाही, तर हा माणूस जूनपर्यंत कशासाठी थांबेल? दिर्चेबाईंचा नवस गेला चुलीत. इअरफोन परत कानात घालून ती पायरीवर बसली.

"बाबा, थांबा. आज इथवरच. उरलेलं जूनमध्ये, मी स्वतः दाखवीन."

"थोडंच राहिलंय गं."

"नको ना. माझ्यासाठी थांबा."

चढून दमल्यासारखा श्वास ऐकू आला.

"बरं," ते म्हणाले. "बसतो."

मिल्दाला रडूच फुटलं. थांबले. ऐकलं त्यांनी.

तेवढ्यात आईचा फोन आला. तिच्या स्वतःच्या नंबरवरून.

"कुणाशी बोलतेयस एवढा वेळ?" आईचा आवाज बसला होता. "तासभर लावतेय. मिल्दा, हे गेले गं. तुझ्याकडच्या तीन वाजता. झोपेतच."

"पण आई, मी आत्ता..."

"त्यांचा फोन उशाशी आहे. सकाळपासून बंद पडलाय."

आई रडत राहिली. मिल्दानं "येते मी" एवढंच म्हटलं. फोन ठेवल्यावर कानात पुन्हा तोच श्वास आला.

"झालं बोलून?" बाबांनी विचारलं. "चल, उतरू. तू पुढे हो."

ती उठली. मागे वळून पाहायचा धीर झाला नाही, आणि खरं सांगायचं तर, ते नाहीत असं दिसण्याचीच तिला जास्त भीती होती. एकेका पायरीवर ती थांबत उतरली, त्यांना दम लागू नये म्हणून.

खालून एक म्हातारी काठी टेकत चढत होती. उतरणाऱ्यांना वाट द्यायला ती भिंतीला टेकून उभी राहिली. "बुओनासेरा," तिनं मिल्दाला संध्याकाळचा नमस्कार केला.

मिल्दा पुढे गेली. म्हातारी अजून भिंतीला टेकूनच होती. दोन पायऱ्या उतरण्याइतका वेळ गेला, तेव्हा ती पुन्हा एकदा, जरा आदरानं, म्हणाली, "बुओनासेरा."