कौशल्यांनुसार अपेलू

आमच्या बेटावरच्या सालेलोलोगा गावच्या रोजगार केंद्रात अपेलूची आणि माझी पहिली भेट झाली ती माझ्या चुकीमुळे. तिथे मी लोकांना अर्ज लिहून देते; माझ्या खिडकीवर कोणीतरी ठेवलेल्या कागदावर मी नारळाच्या दुधातला पाव ठेवला, आणि निम्मा खाऊन झाल्यावर समोरून अतिशय नम्र आवाज आला—

“मॅडम, तो माझा बायोडेटा आहे... पण सावकाश होऊ द्या.”

मी पाव उचलला. खाली एकच ओळ होती : ‘शाळा सुटल्यापासून आजपर्यंत, बारा वर्षं — घरी.’

“बारा वर्षं घरी? काय करता?”

“आम्ही... असतो.”

“असतो काय!” रांगेतून त्याची मावशी सेफिना गरजली. “अगं, गावातल्या नऊ बोटींची इंजिनं हाच जिवंत ठेवतो! घरच्या सेवेला पगार कुठला?”

सालांनुसार मांडणी केली असती, तर पगाराची एकही नोकरी न केलेला हा माणूस कागदावर रिकामाच दिसला असता. म्हणून मी कौशल्यांनुसार मांडणी सुचवली : काय येतं ते आधी, सालं शेवटी. एका हॉटेलला बोटींसाठी मेकॅनिक हवा होता. अर्जाची मुदत शुक्रवारी दुपारपर्यंत होती. ते न जमल्यास तो सोमवारच्या विमानाने सात महिन्यांसाठी न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला जाणार होता. आमच्या केंद्रातून दर आठवड्याला दहा-बारा जण असे जातात. याच्याच जाण्याने मी का अस्वस्थ व्हावं, ते मला त्या दिवशी उमगलं नाही.

बुधवारी त्याने लिहून आणलं : ‘आम्ही इंजिन दुरुस्त करतो.’

“आम्ही म्हणजे कोण?”

“मी... आणि उजेडासाठी बॅटरी धरणारे.”

“मग ‘मी’ लिहा ना!”

“स्वतःच्या तोंडाने स्वतःचं कौतुक? गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, मॅडम. ते दुसऱ्याने सांगायचं असतं.”

“बरं. मग ते मी सांगते.”

गुरुवारी दुपारी मी वही घेऊन त्याच्या गावच्या धक्क्यावर दोन तास बसले. शुक्रवारी सकाळी तो माझा मसुदा मोठ्याने वाचू लागला.

“‘आवाजावरून बिघाड ओळखतो.’ ...हं. ‘सुटा भाग मिळाला नाही, तर स्वतः घडवतो.’ ...हं. ‘पाना फिरवताना जिभेचं टोक बाहेर येतं; ते त्याला शोभतं.’” तो थांबला. “मॅडम, हे कोणतं कौशल्य?”

“इतर,” मी म्हणाले. माझे कान तापले होते. “खोडते मी.”

“नको... राहू द्या. इतकं निरखून कोणी पाहिलं नव्हतं.”

अर्ज तसाच गेला. दुपारी हॉटेलच्या व्यवस्थापक बाईंचा फोन आला तेव्हा अपेलू खिडकीपाशीच रेंगाळत होता.

“हा उमेदवार तुमचा कोण?” बाईंनी विचारलं.

“कोणी नाही... अजून.”

पलीकडून हसू ऐकू आलं. “म्हणजे तुमची शिफारस बिनकामाची! असो. इंजिन काही कुणाच्या प्रेमात पडत नाही. मंगळवारी सातला पाठवा त्याला. आमची एक बोट बंद आहे, तीच त्याची परीक्षा घेईल.”

मी फोन ठेवला. “मंगळवारी बोलावलंय. आणि तुमचं विमान सोमवारी...”

अपेलू लगेच म्हणाला, “विमानातली जागा सोडतो.”

“आणि मंगळवारी इंजिन चालूच झालं नाही तर? दोन्ही जाईल हातचं!”

“तर तुम्ही रोज नवा बायोडेटा लिहा. मी रोज येऊन चुका काढीन.”

“शनिवार-रविवार केंद्र बंद असतं.”

“मग त्या दिवशी... कुठे येऊ?”

रांगेतल्या माणसांना एकाएकी खोकला आला होता. सेफिना मावशी तर छताकडे पाहत होती.

“रविवारी चर्चनंतर आमच्याकडे जेवायला,” मी म्हणाले. “पण बाबा विचारतील, हा कोण म्हणून.”

“काय सांगाल?”

“तू ये तर खरा...” मी घाईघाईने पुढचा अर्ज ओढून घेतला. “रविवारपर्यंत सुचेल काहीतरी.”