सव्वादोनाचं माप

गाडी भरधाव धावत होती. अहमदपूर मागे पडलं, पिवळी पडू लागलेली सोयाबीनची रानं मागे पडली, गार वाऱ्याच्या झोतात नीलाबाईंच्या नाकातल्या मोरणीचा खडा तेवढा लुकलुकत राहिला... आणि तनुजाचं ते एक वाक्य मात्र खोलीत चुकून शिरलेल्या पाखरासारखं सगळ्यांच्या डोक्यावर अजून फडफडत होतं.

"बोहल्यावर माझ्या मागं सुदर्शनमामा उभा राहणार. केरबामामा न्हाई."

इतकंच ती बोलली होती, मोबाईलमधून डोकंही वर न काढता! केरबा हा नीलाबाईंचा पाठचा भाऊ, सुदर्शन सिंधुचा. नवरीच्या पाठीशी उभं राहण्याचा मान आईच्या भावाचा असतो, हे का कुणाला सांगायला हवं? मग आपल्या मामाला बाजूला सारून या पोरीच्या ओठांवर काकूच्या भावाचं नाव आलंच कसं? किशनराव समोरच्या रस्त्यावरून नजर हलवीत नव्हते. नीलाबाई खिडकीबाहेर पाहत होत्या, पण त्यांना काही दिसत नसावं. आणि मागच्या सीटवर, तनुजाच्या शेजारी अंग चोरून बसलेल्या सिंधुने पदराचं टोक बोटांभोवती घट्ट गुंडाळलं होतं.

सिंधु म्हणजे किशनरावांच्या धाकट्या भावाची बायको. रेणापूरजवळच्या शेतात राबणारी. आणि तनुजा... चोवीस वर्षांपूर्वी त्याच शेतातल्या घरात सिंधुच्याच कुशीतून ती या जगात आली होती. बारशाला नांदेडहून थोरल्या जाऊबाई आल्या, पाच वेळा कूस रिकामी झालेल्या नीलाबाई. त्यांनी बाळ मांडीवर घेतलं ते दिवेलागणीपर्यंत खाली ठेवलं नाही. मागितलं त्यांनी काहीच नाही. मागण्याआधी त्यांनी प्राण सोडला असता! पण त्या मूक, तहानलेल्या मुद्रेकडे बघता बघता सिंधुच्याच तोंडून शब्द निघून गेले, "अक्का, घेऊन जा तिला. तुमचीच हाय." बाळाच्या टाळूवर हात ठेवून तिने शपथ घेतली, की हे सत्य आपल्या ओठांबाहेर कधी पडणार नाही. भावकीतल्या चार जाणत्यांनीही ते गिळून टाकलं.

त्यानंतरचा सहावा दिवस मात्र कुणालाच ठाऊक नव्हता, नवऱ्यालासुद्धा नाही. दुधाने भिजलेली चोळी पदराखाली झाकून सिंधु एकटीच एसटीने नांदेडला गेली होती, आपलं लेकरू परत आणायला! घराच्या मागल्या खिडकीशी ती उभी राहिली. आत नीलाबाई बेसूर, घोगऱ्या आवाजात अंगाई म्हणत होत्या; त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि बाळ त्यांच्या खांद्यावर गाढ झोपलं होतं. सिंधुने दार वाजवलं नाही. त्याच एसटीने ती परत फिरली.

पुढची सारी वर्षं नीलाबाईंनी तिला दारातूनच निरोप दिले. तनू काकूच्या मांडीकडे धावली, की तिची दूध प्यायची वेळ झाली म्हणून त्या हमखास तिला आत उचलून न्यायच्या. हे भय सिंधुला कळत होतं, म्हणून तिने त्याचा राग धरला नाही. नुसतं आतल्या आत झिजणं, एवढंच तिच्या वाट्याला आलं होतं.

आजही तिला यायचं नव्हतं. "काकू आल्या न्हाईत तर मी पण येत न्हाई," म्हणून तनुजाच हटून बसली होती. थीम पार्कच्या रिसॉर्टमध्ये लग्नाचं भलंमोठं प्रदर्शन भरलं होतं. मुलाची आई धर्माबादहून तिथेच भेटणार होती, आणि तुळशीच्या लग्नानंतरची तिथी दारात येऊन ठेपली होती.

फाटकाशी सिमेंटचा अजस्र डायनासोर उभा होता, पोटातल्या भोंग्यातून डरकाळ्या फोडणारा. त्याच्या पोटाच्या सावलीत, छत्री मिटून, तनुजाची होणारी सासू चतुराबाई वाट पाहत होत्या.

"लई उशीर केला, विहीणबाई! हा मेला दर पाच मिनिटाला माझ्या डोक्यावर वरडून राहिलाय. आमच्या ह्यांच्यापेक्षा कमीच म्हणा."

सगळे हसले. सिंधुही हसली, पण ती तनुजापासून दोन पावलं दूर सरकली. चतुराबाईंची नजर बारीक होती. मुलगी पाहायला आल्या तेव्हा त्यांनी सरळ विचारलं होतं, "तुमचीच ना?" आणि नीलाबाई म्हणाल्या होत्या, "नवसानं झालेली, एकुलती एक!"

किशनराव गाडी लावायला गेले आणि चौघी आत शिरल्या. घसरगुंड्यांवरून पाण्यात कोसळणाऱ्या पोरांच्या किंकाळ्या, थर्मोकोलचे राजवाडे, धुराच्या ढगांतून अवतरणाऱ्या भाड्याच्या नवऱ्या, आणि या साऱ्यावर माईकवरून "लकी ड्रॉ, लकी ड्रॉ" असा न थकणारा घोष... सिंधुला वाटलं, या झगमगाटात आपण फार उघड्यावर आलो आहोत. इथे काहीच झाकलेलं राहणार नाही!

एका कोपऱ्यात गवताचं खोटं छप्पर उभारून 'गावाकडचा चुडा' अशी पाटी लावली होती. तिच्याखाली उदगीरची सुलतानबी बांगड्यांचे हिरवेगार घोस मांडून बसली होती.

"मेंदी-बिंदी मागून," चतुराबाईंनी फर्मावलं. "आधी चुडा. सगळ्यांनी भरायचा, माझ्याकडून."

"मला नको..." सिंधुने हात पदराखाली ओढून घेतले. "माझा हात लई खरबरीत हाय."

"मग का काचेला टोचतोय व्हय? बसा!"

तनुजाने पहिल्यांदा हात पुढे केला. सुलतानबीने तो दाबला, वळवला, मान हलवली. "माप सव्वादोनाचं. पण अंगठ्यामागचं हाड आडवं हाय, बेटा. सरळ घातली की फुटलीच. ही अशी, करंगळीकडून तिरपी घ्यावी लागती." बोलता बोलता तिने एकेक बांगडी अलगद चढवली. दोन्ही मनगटं हिरवी झाली. नीलाबाईंचा हात रुंद, लोण्यासारखा मऊ. त्यात बांगड्या आपसूक गेल्या.

मग सिंधुची पाळी आली.

सुलतानबीने तिचा हात हातात घेतला. ती चतुराबाईंशी बांगड्यांच्या दराबद्दल काहीतरी बोलत होती, तिचं लक्षही नव्हतं. पण तिच्या बोटांनी बांगडी आपोआप तिरपी केली... करंगळीकडून. आणि तिचं बोलणं थांबलं. तिने पुन्हा ते हाड चाचपलं, मग मान वर करून तोंडभर हसत म्हणाली, "अगोबाई! नवरी तुमची लेक व्हय? मी मघापासून ह्या शालूवाल्या बाईंची समजून राहिले."

सिंधुने हात मागे ओढला, बांगडी अर्ध्यावरच अडकली. "न्हाई... न्हाई हो. काकू हाय मी तिची."

"काकू कशाच्या? पन्नास वर्षं हात दाबून राहिले मी. असलं हाड मायकडूनच येतं."

चतुराबाईंच्या कपाळावर एक आठी हळूहळू उमटली. "काकू म्हणजे धाकट्या दिराची बायको. ती तर दुसऱ्या घरची लेक... मग हाड एक कसं?"

प्रश्न हवेत तसाच लोंबकळत राहिला. छापून आलेल्या पत्रिका, ठरलेलं कार्यालय, पिठासारखा पांढरा पडलेला अक्कांचा चेहरा... सारं सिंधुला एका क्षणात दिसलं, आणि दुसऱ्या क्षणी तिने, अर्ध्यावर अडकलेल्या बांगडीसकट, आपली मूठ जीव खाऊन आवळली! काच कडकन फुटली. तळहातातून रक्ताची धार लागली.

"बघा! बघा, मोडली की!" ती ओरडली, तिचा आवाज तिचाच राहिला नव्हता. "कुठला सारखा हात? तनूचा हात कुठं, माझा कुठं! ह्या बाईंचं वय झालंय... काहीबाही बोलून राहिल्यात!"

सुलतानबी तिच्याकडे बघत राहिली. मग खाली वाकून तिने हिरवे तुकडे एकेक करून वेचले, आणि अगदी हळू म्हणाली, "हाव. वय झालं माझं. चुकलं असंल."

"न्हाई चुकलं!"

नीलाबाई उठल्या होत्या. त्यांनी आपल्या जरीच्या शालूचा पदर सिंधुच्या तळहातावर गच्च दाबून धरला, आणि त्यांचा बांध फुटला. "बस कर, सिंधु! किती सांडशील गं माझ्यासाठी? ...विहीणबाई, पोरगी हिच्या पोटची हाय. मी नुसती वाढवली. मी मागितली न्हवती, हिनं आपणहून माझ्या मांडीवर ठेवली. आणि मी काय केलं? हिला दारातून परत लावली, वर्षानुवर्षं! भीती वाटायची मला... की एक दिवस पोरगी हिला ओळखंल, आणि मी पुन्हा वांझ होईन!"

पलीकडे डायनासोर ओरडला. चतुराबाईंनी नजर हलवली नाही.

"आम्ही सरळ विचारलं होतं तुम्हाला."

"हाव."

"अजून काय काय झाकलंय?"

"काही न्हाई. एवढंच एक होतं."

सिंधु मनातल्या मनात देवांची नावं घेत होती, आणि तिला एकही नाव पुरतं आठवत नव्हतं. मग चतुराबाईंनी छत्री बाजूला ठेवली, पदर सावरला आणि सुलतानबीसमोर फतकल मारून त्या बसल्या.

"भरा माझ्याबी. पण माझा हात कुणासारखा हाय, ते तेवढं सांगू नका!"

नीलाबाई रडता रडता हसल्या, की हसता हसता रडल्या...

"हसू नका," चतुराबाईंनी दटावलं. "घरी ह्यांना मीच सांगीन, माझ्या पद्धतीनं. तुम्ही कुणी फोन करायचा न्हाई. आणि आता विहिणी दोन, म्हंजे मानाची लुगडी दोन. आमच्याच खिशाला चाट!"

नीलाबाईंनी भीत भीत तनुजाकडे पाहिलं. "तनू... रागावलीस?"

"मला ठाऊक होतं, आई. बारावीत असताना तुझ्या पेटीत माझा रेणापूरचा जन्मदाखला सापडला होता, आई म्हणून काकूंचं नाव लिहिलेला. सुदर्शनमामाचं नाव उगाच घेतलं का मी?"

"मग बोलली का न्हाईस गं इतकी वर्षं?"

"तू घाबरशील म्हणून."

नीलाबाईंनी तोंडावर हात दाबला. तनुजा गुडघ्यांवर बसली, सिंधुच्या अगदी समोर. काकूला आजवर ती 'तुम्ही' म्हणत आली होती.

"एकच सांग मला. देऊन टाकल्यावर... परत न्यायला यावं, असं कधीच वाटलं न्हाई का तुला? एकदासुद्धा?"

ती मागली खिडकी, ती बेसूर अंगाई, पदराखाली भिजत गेलेली चोळी! चोवीस वर्षं दाबून धरलेलं उत्तर उचंबळून सिंधुच्या कंठाशी आलं. एक शब्द, फक्त एक शब्द, आणि लेक गळ्यात पडणार होती... तेवढ्यात तिला जाणवलं, की जखमेवर पदर दाबून धरलेला अक्कांचा हात ताठ झाला आहे. तिने वर पाहिलं. नीलाबाईही त्याच उत्तराची वाट पाहत होत्या, श्वास रोखून. बारशाच्या संध्याकाळी पाहिलेल्या त्याच डोळ्यांनी.

सिंधुने आपला हात हलकेच सोडवून घेतला. तनुजाच्या हिरव्या चुड्यावरून तिने दोन बोटं एकवार फिरवली, जणू एखादी बांगडी कुठे टोचत तर नाही ना, एवढंच पाहायचं होतं. मग ती उठली.

"काकू..." तनुजाची हाक फुटली. "सांग ना!"

खोट्या राजवाड्यांच्या आणि खऱ्या गर्दीच्या मधून सिंधु फाटकाकडे चालत राहिली. पदर खांद्यावरून घसरला, तो सावरायलाही ती थांबली नाही.